एकाच गुन्ह्यातली दोन पोरं, एक वर्दीत आणि एक घरी: चारित्र्य पडताळणीला एकच मोजपट्टी का नाही?

बांधावरचा

नमस्कार मंडळी. वाचत असतो रोज, धागा मात्र पहिलाच काढतोय. जरा मोठं झालंय, सांभाळून घ्या.

माझा भाचा. जून २०२१ मध्ये गावात भावकीत बांध कोरण्यावरून मारामारी झाली. दोन्हीकडून तक्रारी. पोरगा तेव्हा १९ वर्षांचा, नुकती बारावी झालेली. तक्रारीत अकरा नावं, त्यात शेवटून दुसरं याचं. कलमं १४३, १४७, ३२३, ५०४, ५०६, म्हणजे बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, शिवीगाळ, धमकी. २०२३ ला दोन्ही घरं शहाणी झाली, तडजोड झाली, सगळे सुटले.

त्याच तक्रारीत चौथ्या नंबरला आमच्याच आळीतल्या एका पोराचं नाव होतं. तो राज्य पोलिसात भरती झाला. पडताळणी झाली, समितीपुढे गेला, पास झाला. आज वर्दीत आहे, आणि मला त्याचा आनंदच आहे. माझा भाचा केंद्राच्या एका दलात निवडला गेला. पळणं, लेखी, मेडिकल सगळं पार. आणि मग पत्र आलं: "पूर्वचारित्र्य पाहता नियुक्तीस योग्य नाही." एवढंच. पान एक, ओळ एक.

आता दुसऱ्या दलात पुन्हा निवड झाली आहे. फॉर्म सोमवारी द्यायचाय.

माझं म्हणणं पडताळणी ढिली करा असं अजिबात नाही. ज्याच्या हातात बंदूक द्यायची त्याची कसून चौकशी व्हायलाच हवी. पण काय बघणार, कशाला किती वजन देणार, हे आधी लिहून ठेवा, सगळ्यांना सांगा, आणि नाकारलंत तर कुठल्या कारणानं ते त्या पोराला कळवा. गुन्हा एक, तारीख एक, न्यायालय एक, निकाल एक. मग पोराची लायकी साहेब बदलला की बदलते का?

चहा कमी साखर

बांध म्हटलं की अर्धा महाराष्ट्र आरोपी निघेल दादा. भाच्याला शुभेच्छा. वाचतोय.

तालुका वकील

बांधावरचा, तुमच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे, पण अर्धंच.

हाच गोंधळ सर्वोच्च न्यायालयातही होता. दोन न्यायमूर्तींची काही पीठं म्हणायची, तरुण पोरांच्या चुका पदरात घ्या. २०११ च्या संदीप कुमार निकालात दिल्ली पोलिसातल्या हेड कॉन्स्टेबलच्या उमेदवाराला असाच दिलासा मिळाला. काही पीठं म्हणायची, निर्दोष सुटला तरी पोलीस दलात घ्यायचा की नाही हे दलाने ठरवावं. २०१३ चा मेहर सिंग निकाल त्या बाजूचा. शेवटी प्रश्न तीन न्यायमूर्तींकडे गेला आणि २१ जुलै २०१६ ला अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल आला. आज प्रत्येक पडताळणीच्या खटल्यात पहिलं नाव त्याचंच निघतं.

त्यात काय आहे ते साध्या भाषेत सांगतो. माहिती खरी द्यायची, दडवायची नाही. दडवली, पण प्रकरण किरकोळ असेल, उदाहरणार्थ लहान वयात घोषणा दिल्या, तर अधिकारी दुर्लक्ष करू शकतो. गंभीर गुन्ह्यात केवळ तांत्रिक कारणाने सुटला असेल तर सगळं पूर्वचरित्र बघू शकतो. आणि तुमच्यासाठी महत्त्वाचं: उमेदवाराने खरं सांगितलं आणि खटला संपलेला असला, तरीही नेमणूक द्याच अशी सक्ती करता येत नाही.

यात "शकतो" किती वेळा आलं बघा. अधिकाऱ्याने वस्तुनिष्ठ विचार करावा, पदाचं स्वरूप बघावं, हे न्यायालयाने सांगितलं. पण तो विचार प्रत्येक दलात, प्रत्येक जिल्ह्यात वेगळा माणूस करतो. त्यामुळे २०१६ नंतरही निकाल दोन्ही बाजूंना पडतात. मे २०२२ मध्ये पवन कुमारच्या प्रकरणात रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाला परत घ्यायला सांगितलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सतीश चंद्र यादवच्या प्रकरणात केंद्रीय राखीव पोलीस दलाची कारवाई कायम ठेवली. दोन्हीकडे आधार अवतार सिंगचाच.

जवान २७ वर्षे

मी केंद्रीय दलात सत्तावीस वर्षं काढली. थोडं कडक बोलतो, राग मानू नका.

आम्ही जंगलात सहा जण एका तंबूत झोपायचो. सहा रायफली. शेजारचा माणूस रागात काय करतो हे मला माहीत पाहिजे. १४७ म्हणजे दंगा. वकीलसाहेब त्याला किरकोळ म्हणतील, मी नाही म्हणणार. केंद्रीय गृह मंत्रालयाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं या दलांना लागू आहेत. गंभीर गुन्ह्यात संशयाचा फायदा मिळून सुटला, किंवा साक्षीदार भीतीने फिरले म्हणून सुटला, तर अशाला सहसा घ्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. म्हणजे मोजपट्टी नाहीच असं म्हणू नका. राज्याचे नियम वेगळे, केंद्राचे वेगळे. आळीतला पोरगा राज्यात गेला, भाचा केंद्रात. तुलना तिथेच चुकते.

आणि लपवणं हा गुन्ह्यापेक्षा मोठा दोष आहे. मारामारी वयाने होते. खोटं विचार करून बोललं जातं.

बांधावरचा

@जवान २७ वर्षे, रागाचं काहीच नाही. तुमच्यासारख्यांनी बोलावं म्हणूनच धागा काढला. पण भाच्याने लपवलं नव्हतं. खटल्याचा नंबर, निकालाची तारीख, सगळं लिहिलं होतं. मी शेजारी बसून लिहून घेतलं होतं.

निवृत्त अंमलदार

तीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची नऊ वर्षं पोलीस ठाण्यात गोपनीयचं काम केलं. हा कागद खाली कसा तयार होतो ते कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

जिल्हा विशेष शाखेकडून साक्षांकन नमुना, म्हणजे उमेदवाराने स्वतःची माहिती भरून दिलेला फॉर्म, ठाण्यात येतो. गोपनीय अंमलदार गुन्हे रजिस्टर बघतो, संगणकावर नाव टाकतो, गावात जाऊन पोलीस पाटील आणि दोन शेजाऱ्यांचे जबाब घेतो. काही नसेल तर एकच शब्द लिहितो: "निरंक". शंभरातल्या बहुतेकांचं काम त्या एका शब्दावर होतं.

नाव निघालं की मात्र लिहिणाऱ्याच्या हाताला महत्त्व येतं. एक अंमलदार लिहितो, "गुन्हा दाखल होता, शेतीच्या बांधावरून भावकीतील वाद, न्यायालयातून दिनांक अमुक रोजी निर्दोष, त्यानंतर वर्तन चांगले, गावात तक्रार नाही." दुसरा लिहितो, "गु.र.नं. अमुक/२०२१ दाखल आहे." झालं. दोन्ही खरं आहे. पण वरच्या टेबलावर बसलेल्या साहेबाने गाव पाहिलेलं नसतं, त्याला ती ओळच दिसते. संगणकात गुन्हा दिसतो, पण न्यायालयाचा निकाल चढवायचा राहून गेलेला असतो, हे मी कितीदा पाहिलंय. मी स्वतः निकालाची नक्कल मागून घेऊन जोडायचो. तशी सक्ती कुठे नव्हती, माझी सवय होती. एका पोराचं आयुष्य माझ्या सवयीवर अवलंबून असू नये, एवढंच वाटतं.

पूर्वी आमच्या ठाण्यात एक वरिष्ठ होते. नवीन अंमलदाराला सांगायचे, "बाबा, तू अहवाल लिहितोस, निकाल नाही. पण तुझा अहवाल वाचूनच निकाल लागतो."

भरतीवाला पोरगा

काका एक विचारू का. मी दोन वर्षांपासून तयारी करतोय, अकॅडमीत. आमच्याकडे एका आंदोलनात रास्ता रोको केला म्हणून सत्तर पोरांवर गुन्हे लागलेत. आमच्यातले चार त्यात आहेत. ते म्हणतात शासन मागे घेणार आहे, मग फॉर्मवर लिहायची गरज नाही. खरं का?

तालुका वकील

@भरतीवाला पोरगा, नाही! राजकीय आणि सामाजिक आंदोलनातले खटले मागे घेण्याचे शासन निर्णय निघतात, पण ते आपोआप मागे जात नाहीत. समितीपुढे जातं, सरकारी वकील अर्ज करतो, न्यायालय परवानगी देतं, तेव्हा खटला संपतो. तोपर्यंत तो प्रलंबित आहे आणि विचारलं तर लिहायचाच. संपल्यावरही "कधी गुन्हा दाखल झाला होता का" असा प्रश्न असेल तर उत्तर "होय" हेच. तुझ्या मित्रांना आजच सांग.

पोटोमॅककाठी

मी मूळचा सांगलीकडचा, सध्या अमेरिकेत मेरीलँडला. नागरिकत्व घेतल्यावर संरक्षण खात्याच्या कंत्राटावर काम करायला सुरक्षा परवानगी लागली, तेव्हा या चरकातून गेलो. तिकडचं लिहितो, तुलना तुम्ही करा.

इथे तेरा कसोट्या लिहिलेल्या आहेत आणि त्या कोणीही वाचू शकतो. देशनिष्ठा, परदेशी प्रभाव, पैशांचे व्यवहार, दारू, अमली पदार्थ, गुन्हेगारी वर्तन, गोपनीय कागद हाताळणं वगैरे. १९९५ च्या अध्यक्षीय आदेशाने सगळ्या खात्यांना एक पाया दिला, आणि आज चालते ती आवृत्ती जून २०१७ पासून लागू आहे. मला आवडली ती त्याची मांडणी. प्रत्येक कसोटीत आधी लिहिलंय की काळजी कशाची, मग कुठल्या गोष्टींनी शंका येते, आणि त्याखाली तितक्याच ठळकपणे, कुठल्या गोष्टींनी ती शंका कमी होते. म्हणजे आरोप आणि बचाव एकाच पानावर.

माझी अडचण परदेशी प्रभावाची. आईवडील भारतात, भावाबरोबर जमीन. तपास करणाऱ्या बाईंना मी सातबारा समजावून सांगत बसलो होतो. माझं नाव सातबाऱ्यावर आहे पण मी एक रुपया घेत नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. वडिलांनी तलाठ्याकडून उतारा काढून पाठवला, मी भाषांतर करून घेतलं, आणेवारीचा हिशोब मांडला. शेवटी लेखी कळवलं गेलं: शंका या कलमाखाली होती, या कारणांनी दूर झाली. नाकारलं असतं तरी कारणं लेखी मिळाली असती आणि सुनावणी मागता आली असती. कंत्राटी कामगारांच्या अशा सुनावण्यांचे निकाल नावं काढून संकेतस्थळावर टाकतात. मी रात्री जागून ते वाचले होते. आपल्यासारख्या माणसाचं काय झालं हे आधी कळतं, त्याने फार धीर येतो.

त्यातच "पूर्ण माणूस बघा" असं एक तत्त्व आहे, नऊ मुद्द्यांचं. कृत्य किती गंभीर, परिस्थिती काय, किती वेळा आणि किती जुनं, तेव्हाचं वय, स्वतःहून केलं की नाही, पुढे सुधारला का, हेतू काय, त्यावरून कोणी दबाव आणू शकेल का, पुन्हा घडण्याची शक्यता किती. बांधावरचा, भाच्याला हे नऊ प्रश्न विचारून बघा. एकोणीस वर्षं, एकदाच, घरच्या बांधावर, नंतर काही नाही.

जवान २७ वर्षे

@पोटोमॅककाठी, छान माहिती दिलीत, पण तो टेबलावरचा माणूस, संगणकावरचा. आमचा पोरगा गर्दीसमोर काठी घेऊन उभा राहतो. नऊ प्रश्नांत "जमावात असताना हा कसा वागतो" हा प्रश्न कुठे आहे?

पण एक मान्य करतो. कारण लेखी द्यायला पाहिजे. आमच्या वेळी पोरगा ट्रेनिंगमधून परत पाठवला जायचा, ट्रंक घेऊन गेटवर उभा असायचा, आणि त्याला माहीत नसायचं का. ते बघवत नसे.

जुनी पाने

लेखी नियम म्हणजे न्याय असं समजू नका, म्हणून थोडा इतिहास.

अमेरिकेतच १९५३ साली आयझेनहॉवर यांचा अध्यक्षीय आदेश निघाला, क्रमांक १०४५०. तोही लेखी, तोही सगळ्या खात्यांना सारखा. त्यात समलिंगी असणं हे सुरक्षेला धोका मानलं गेलं. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. फ्रँक कॅमेनी हा खगोलशास्त्रज्ञ लष्कराच्या नकाशा विभागातून १९५७ साली काढला गेला आणि पुढचं सगळं आयुष्य त्याविरुद्ध लढला. वरच्या प्रतिसादात आलेल्या १९९५ च्या आदेशाने लैंगिक कल हे परवानगी नाकारण्याचं कारण असू नये असं म्हटलं. अणुबॉम्ब बनवणारा शास्त्रज्ञ ओपेनहायमर, त्याची परवानगी १९५४ मध्ये गेली, तो निर्णय सरकारने रद्द केला डिसेंबर २०२२ मध्ये. माणूस १९६७ सालीच गेला होता.

आपल्याकडेही आहे. रमाशंकर रघुवंशी नावाचे मध्य प्रदेशातले शिक्षक. पालिकेची शाळा सरकारने घेतली, पोलीस अहवाल आला की हे संघ आणि जनसंघाच्या कामात भाग घेत होते, नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी ते बेकायदा ठरवलं, निकाल १९८३ च्या अहवालांत आहे. जुन्या राजकीय मतांवरून पोलिसांनी माणूस नोकरीला लायक की नालायक ठरवायचं, ही पद्धतच त्यांनी घटनेच्या विरुद्ध मानली. माझे वडील डाव्या विचारांचे शिक्षक होते. त्यांच्याविषयी शाळेत चौकशीला माणूस आला होता, तेव्हा शिपायाने घरी येऊन हळूच सांगितलं, "गुरुजी, पेपर वाचताना खिडकी लावून घ्या." मी सात वर्षांचा होतो. आई पुढे कित्येक दिवस खिडकी लावायची.

तेव्हा मोजपट्टी एक असावी, हो. पण त्या पट्टीवर काय कोरलंय हे आधी बघा.

आश्रमशाळा मास्तर

@जुनी पाने, तुमचा प्रतिसाद वाचून लिहितोय. मी पारधी मुलांच्या आश्रमशाळेत शिकवतो.

१८७१ च्या कायद्याने या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, जमाती विमुक्त झाल्या. आमच्या पोरांच्या पडताळणीत मात्र तो अजून गेलेला नाही. चार वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी भरतीत निवडला गेला. अत्यंत गुणी पोर, पहाटे चारला उठून पळणारा. त्याच्यावर एकही गुन्हा नाही. तरी चौकशीला आलेल्या माणसाने वस्तीवर पहिला प्रश्न काय विचारला? "तुझा चुलता कुठल्या गुन्ह्यात आत होता?" दुसरा प्रश्न, "आजोबा?" अहवालात पोराबद्दल एक ओळ आणि नातेवाइकांबद्दल पाच ओळी. मी मुख्याध्यापकांना घेऊन तीनदा तालुक्याला गेलो. सात महिन्यांनी पोरगा रुजू झाला. त्याच्या बॅचची मुलं तोपर्यंत ट्रेनिंग करून बाहेर पडायला आली होती.

३ ऑक्टोबर २०२४ ला सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाबद्दल निकाल दिला. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्यावर त्यात स्पष्ट ताशेरे आहेत. तो निकाल मी वर्गात वाचून दाखवला. पोरं शांत बसली होती. एकाने विचारलं, "सर, हे ठाण्यात पाठवलंय का?"

म्हणून मला लेखी पट्टी हवी आहे. नातेवाइकांचं काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, हे त्यात असावं. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं की आमची पोरं मर्जीत बसत नाहीत.

निवृत्त अंमलदार

मास्तर, हे खरं आहे. मीही विचारलंय तसं, सुरुवातीच्या वर्षांत. आम्हाला तसंच शिकवलं होतं. तुमच्या विद्यार्थ्याला माझा नमस्कार सांगा.

टर्मिनल दोन

मी मुंबई विमानतळावर काम करते. आमच्याकडे प्रत्येकाला प्रवेश पास लागतो आणि त्याआधी पोलीस पडताळणी. पण इथे माणसाबरोबर कंपनीलाही सुरक्षा परवानगी लागते. १५ मे २०२५ ला नागरी विमान सुरक्षा ब्युरोने विमानतळावर सामान आणि विमानं हाताळणाऱ्या तुर्कीच्या सेलेबी कंपनीची परवानगी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन रद्द केली. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, ७ जुलैला याचिका फेटाळली. देशाच्या सुरक्षेचा निर्णय सरकारने घ्यावा, मला त्यात शंका नाही. पण त्या दिवशी रॅम्पवर काम करणाऱ्या पोरांचे चेहरे मी पाहिलेत. प्रत्येकाची वैयक्तिक पडताळणी झालेली, तरी "आपल्या पासचं काय" हा एकच प्रश्न. धाग्याशी थेट संबंध नसेल तर क्षमस्व.

तालुका वकील

@टर्मिनल दोन, संबंध आहे ताई. कंपन्यांच्या बाबतीतही दोन प्रवाह आहेत. २०१४ मध्ये एक्स-आर्मीमेन्स प्रोटेक्शन सर्व्हिसेस आणि २०१९ मध्ये डिजी केबल, दोन्हीकडे न्यायालय म्हणालं की राष्ट्रीय सुरक्षा असेल तर आधी म्हणणं ऐकून घेण्याचा आग्रह धरता येत नाही. मग ५ एप्रिल २०२३ ला मीडियावन या मल्याळी वाहिनीचा निकाल आला. गृह मंत्रालयाने सुरक्षा परवानगी नाकारली म्हणून वाहिनीवर बंदी आली होती, कारणं फक्त न्यायालयाला, बंद लिफाफ्यात. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि हिमा कोहली यांच्या पीठाने सांगितलं की राष्ट्रीय सुरक्षेचा दावा हवेतून करता येणार नाही, त्यामागे आधार लागतो, आणि कारणं दडवायची असतील तर त्याचंही समर्थन द्यावं लागेल. बंदी उठली.

आणि बांधावरचा, माहिती अधिकारात कारण मागायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, केंद्रीय दलं त्या कायद्याच्या कलम २४ खाली वगळलेली आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग एवढेच अपवाद. दार जवळजवळ बंद आहे.

चहा कमी साखर

धागा विमानाने केरळला गेला, आता परत बांधावर आणा कोणीतरी. सोमवार जवळ आला.

निवृत्त अंमलदार

आणतो. कालपासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय.

बांधावरचा, भावकीतली मारामारी, दोन्हीकडून तक्रारी. अशा वेळी आम्ही गुन्हा तर घ्यायचोच, शिवाय पुन्हा भांडण होऊ नये म्हणून दोन्ही पार्ट्यांवर चॅप्टर केस करायचो. तेव्हाचं कलम १०७. सगळ्यांना तहसील कचेरीत नेऊन तहसीलदारापुढे शांतता राखण्याचं बंधपत्र लिहून घ्यायचो. पोरं सही करून घरी जातात आणि विसरतात, कारण त्यात ना अटक ना शिक्षा.

केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात प्रश्नांची एक रांग असते. कधी अटक झाली का, खटला चालला का, स्थानबद्ध होता का, दंड झाला का. त्यात एक प्रश्न इंग्रजीत "बाउंड डाउन" असा असतो. म्हणजे बंधपत्र लिहून घेतलं होतं का. भाच्याने तिथे काय लिहिलं होतं, ते बघा. आज बघा.

बांधावरचा

निवृत्त अंमलदार काका, हात थरथरतायत लिहिताना.

आत्ता भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "हो मामा, सगळ्यांना जीपमधून तहसीलला नेलं होतं, एका कागदावर सही घेतली, वडापाव खाऊन परत आलो." मागच्या फॉर्मची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. ती काढली. अटक: नाही. खटला: होय, तपशील जोडला आहे. बाउंड डाउन: नाही.

ते "नाही" माझ्या अक्षरात आहे. मला वाटलं बांधून ठेवलं होतं का असं विचारतायत.

आळीतल्या पोराच्या घरी जाऊन आलो. त्यालाही तीच जीप, तीच सही. त्याच्या राज्याच्या फॉर्ममध्ये प्रश्न मराठीत होता. त्याने "होय" लिहिलं होतं.

यामुळेच नाकारलं की १४७ मुळे की आणखी कशामुळे, मला आजही माहीत नाही. पत्रात ती एक ओळ जास्त असती तर वर्षापूर्वीच कळलं असतं.

जवान २७ वर्षे

बांधावरचा, मी वर लपवण्याबद्दल जे लिहिलं ते तुमच्या पोराला लागू होत नाही. मागे घेतो. ज्या पोराने अख्खा खटला स्वतःहून लिहिला तो बंधपत्र कशाला लपवेल. प्रश्न पोराला कळेल अशा भाषेत विचारायला हवा होता.

तालुका वकील

आणि हे फक्त आपलं मत नाही. अवतार सिंग निकालातच आहे की नमुन्यातला प्रश्न नेमका हवा, संदिग्ध नको. जे नेमकं विचारलंय तेवढंच सांगायची जबाबदारी उमेदवारावर. आणि माहिती दडवली असं ठरवण्याआधी ती त्याला माहीत होती हे दिसलं पाहिजे. मागच्या नकाराला उच्च न्यायालयात आव्हान देता येईल का ते पत्राची तारीख बघून सांगतो. तीनही कागद घेऊन भेटा: पत्र, जुन्या फॉर्मची प्रत, निकालाची नक्कल. आत्ता मात्र नवीन फॉर्म महत्त्वाचा. "बाउंड डाउन"पुढे होय लिहा, तहसील कार्यालयातून चॅप्टर केसच्या आदेशाची नक्कल काढा. शनिवारी सुट्टी, म्हणजे उद्या शुक्रवारीच.

पोटोमॅककाठी

एक सुचवू का? पुरवणीत भाच्याच्या स्वतःच्या शब्दांत दहा ओळी लिहा. भांडण काय होतं, त्याचं वय, निकाल, नंतरची चार वर्षं तो काय करत होता. मागच्या फॉर्ममध्ये चूक कशी झाली तेही. इथे मला तसं करायला सांगितलं होतं, फायदा झाला. तुमच्याकडे कोणी वाचेलच असं नाही, पण फाइलमध्ये कागद राहतो.

भरतीवाला पोरगा

काका मी अकॅडमीत हा धागा सगळ्यांना दाखवला. बावीस जणांपैकी बाउंड डाउन म्हणजे काय हे एकालाही माहीत नव्हतं. सरांनी फळ्यावर लिहिलंय आता. आणि आंदोलनवाल्या चौघांपैकी दोघांनाही तहसीलला नेलं होतं.

बांधावरचा

शुक्रवारी नक्कल मिळाली. नक्कल काढणाऱ्या बाईंनी जुने गठ्ठे उपसून शोधून दिली, देव त्यांचं भलं करो. भाच्याने पुरवणी स्वतः लिहिली, मी एक शब्द सांगितला नाही. शेवटी त्याने लिहिलंय, "मागील अर्जात या प्रश्नाचे उत्तर अर्थ न कळल्यामुळे चुकले होते. आज कळले आहे, म्हणून लिहीत आहे."

आज सकाळी साडेदहाला फॉर्म दिला, पोच घेतली. गोपनीयचा माणूस गावात आला की इथेच सांगतो. निवृत्त अंमलदार काका, तो आला तर निकालाची नक्कल त्याच्या हातात द्यायची की ठाण्यात नेऊन द्यायची?

निवृत्त अंमलदार

दोन्ही. हातात एक, आणि ठाण्यात आवक शिक्का मारून एक.